भगवानला आणायला गेलतो

बसा. चहा घ्या. पण आधी एक कबूल करा, हसायचं नाही. कारण ह्यात हसण्यासारखं काहीही नाही! माझ्यावर सरळ सरळ अन्याय झालाय, आणि अख्ख्या दिंद्रुडात एक माणूस माझ्या बाजूनं बोलायला तयार नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीबी तेच केलं असतं. न्हाई? ऐका मग.

दिंद्रुडला आमचं बोर्डिंग होतं. आम्ही पोरं तिथंच झोपलो, तिथंच जेवलो, तिथंच मार खाल्ला. पुढं सगळी पांगली. कोणी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम झाला, कोणी मास्तर, मी एसटीत कंडक्टर. आता समदे म्हातारे. रिकामा वेळ आणि हातात मोबाईल! दिंद्रुडातच खताबियाणाचं दुकान असलेल्या आमच्या दत्तानं ग्रुप काढला. सकाळी गुलाबाचं फूल, दुपारी गुडघेदुखीवर उपाय, असं करता करता ठरलं की एकदा समद्यांनी भेटायचं. दत्ताच्याच मळ्यात.

आणि त्या ग्रुपवर एक दिवस भगवान उगवला!

भगवान म्हणजे माझा जिगरी. बोर्डिंगात एका सतरंजीवर झोपायचो आम्ही. दहावी झाली आणि गडी हैदराबादकडं गेला तो गेलाच. तिकडंच धंदा, तिकडंच संसार. त्या दिवसापासून कोणी त्याचं तोंड पाहिलेलं नाही. मोबाईलवर फोटो लावलाय तोबी नातवाचा! आता नातवावरून आजा कसा ओळखायचा, तुम्हीच सांगा.

"परळीच्या टेसनावर त्याला आणायला कोण जातंय?" दत्तानं विचारलं.

"मी!" म्हणलं. "जन्मभर एसटीत चेहरेच बघितलेत. भगवानला तर मी पाठमोरा ओळखीन."

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण ह्या सगळ्याचं मूळ तिथं आहे. हा भगवान एक नंबरचा सोंगाड्या! बोर्डिंगात रेक्टर छडी घेऊन आले, की हा डोळे फिरवून भलत्याच भाषेत बडबड सुरू करायचा. रेक्टर घाबरून छडी खाली ठेवायचे. त्यामुळं मी मनाशी पक्कं केलतं, ह्या वेळी त्याच्या सोंगाला भुलायचं न्हाई.

त्याचा निरोप आला, "पांढरा शर्ट, तपकिरी बॅग. चौकशीच्या खिडकीपाशी थांबतो." त्यानंतर फोन बंद. चार्जिंग संपलं म्हणे नंतर.

मी पोराची जीप काढली, मोठा झेंडूचा हार घेतला आणि परळीला पोचलो. गाडी नुकतीच लागलेली. चौकशीच्या खिडकीपाशी कोण उभं? पांढरा शर्ट, तपकिरी बॅग, टक्कल, आणि नाक म्हणाल तर तेच! भगवानचं नाक!

"भगवान्या!" मी असा काही ओरडलो, की हमालबी वळून बघायले. हार घातला. कडकडून मिठी मारली.

आणि हा? लाकडासारखा उभा! माझ्याकडं असा बघायला, जसं काही मी त्याच्या खिशात हात घातलाय.

माझं डोकंच फिरलं. एका सतरंजीवर झोपलेला माणूस! म्हणलं, "अबे, किसन मी! वळखलं न्हाईस?"

तो काहीतरी बोलला. तेलगूत.

बघा! बघा सोंग! मी पोट धरून हसलो. "झालं का तुझं सुरू?"

मग तो म्हणाला, "वैजनाथ? टेंपल?"

"वैजनाथाचं दर्शन उद्या. आधी दिंद्रुड!" मी त्याची बॅग उचलली आणि चालायला लागलो. तो बॅगेमागं पळत आला. बॅग जीपमध्ये टाकली, ती घ्यायला तो आत वाकला, मी मागून जरा आधार दिला आणि दार लावलं. ह्याला आता लोक वेगळं नाव देतात. मी म्हणतो, आग्रह!

जीप सुटली तसा त्यानं धिंगाणा मांडला. मागं हात करून ओरडायला, "ना भार्य! ना भार्य! स्टेशन!"

मी गपकन ब्रेक लावला. संस्कृत आपल्यालाबी होतं की शाळेत. भार्या म्हणजे बायको. ना भार्या म्हणजे... बायको न्हाई!

"भगवान्या," मी हळूच विचारलं, "वहिनी गेल्या?"

त्यानं जोरजोरात मान हलवली. डोळ्यांत पाणी. "स्टेशन! स्टेशन!"

"अरारारा! स्टेशनावरच गेल्या?"

पुन्हा मान. आता सांगा, ह्याच्यापुढं माणसानं काय समजायचं? मला वाटलं, दुःखानं बिचाऱ्याची मराठीच गेली. मीबी रडायला लागलो. त्याचा हात धरला आणि म्हणलं, "तू काही बोलू नको. आम्ही हाओत." आणि जीप जी दामटली ती थेट सिरसाळ्यापर्यंत.

सिरसाळ्याला चहाला थांबलो. तिथं ह्यानं चहावाल्याचा हात धरून तेच सुरू केलं, "ना भार्य, स्टेशन!" चहावाला माझ्याकडं बघायला.

"बायको वारलीय त्याची," मी कानात सांगितलं.

चहावाल्यानं चहाचे पैसे घेतले न्हाईत. उलट एक बिस्किटाचा पुडा दिला. आपल्याकडची माणसं किती मोठ्या मनाची हायत बघा!

मळ्यात पोचलो तर समदे हजर. माईक, खुर्च्या, मांडव. जो तो उठून आपली हकीकत सांगायला. म्हणजे सुरुवात नोकरीपासून व्हायची आणि शेवट शुगरवर. मुकादम तर मणक्याचं ऑपरेशन असं रंगवून सांगत होता, की दोघं उठून सावलीला जाऊन पडले.

मी दत्ताला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. दत्ताचं तोंड उतरलं. तेवढ्यात पाहुण्याच्या पुढं कोणीतरी धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली. रातभर गाडीत बसून आलेला माणूस. त्यानं एकदा धपाट्याकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि खायला सुरुवात केली.

"तोच हाय," दत्ता म्हणाला. "भगवान असाच खायचा."

म्हणजे बघा, दत्तानंबी ओळखलं! पण आज नाव कोणाचं निघतंय? माझं!

जेवण झालं आणि मी माईक हातात घेतला. मला बोलायची हौस न्हाई, पण विषयच तसा होता. म्हणलं, "मित्रांनो, आपला भगवान आज आपल्यात आलाय, पण काय अवस्थेत! सुखाच्या काळात ह्यानं आपली आठवण काढली न्हाई. एक पत्र न्हाई, एक फोन न्हाई. मला बघून ओळखसुद्धा दाखवली न्हाई! पण आपण ते मनात धरायचं न्हाई. कारण ज्याची बायको रेल्वे स्थानकावर त्याचा हात सोडून गेली..."

मुकादमानं टोपी काढली. मास्तर डोळे पुसायले. मी म्हणलं, "वहिनींसाठी आपण उभं राहून शांतता पाळू."

समदे उभे राहिले. पाहुणाबी उभा राहिला. काय चाललंय ते त्याला कळेना, पण समदे आपल्याकडं बघून हात जोडायलेत म्हणल्यावर त्यानंबी जोडले.

आणि त्या शांततेत दत्ताचा फोन वाजला.

दत्तानं तो बंद करायला बोट लावलं आणि स्पीकर चालू झाला. मी माईकपाशीच उभा. मग काय, अख्ख्या मळ्यात आवाज!

"दत्त्या, लाज हाय का बे? कवापासून टेसनावर बसलोय, एक कुत्रं इचारंना! कुठं मेला तो किसन्या?"

"कोण बोलतंय?" दत्तानं विचारलं.

"भगवान बोलायलोय, भगवान! चहावाल्याचं चार्जर मागून फोन लावायलोय!"

मला असा राग आला! मी दत्ताच्या हातातून फोन ओढला. "ए, कोण बे तू? भगवान इथं माझ्या शेजारी उभा हाय! त्याची बायको वारलीय आणि तुला चेष्टा सुचायली?"

"माझी बायको?" पलीकडून आवाज. "ती इथं केळं खायली! हिचे गुडघे दुखत्यात म्हणून डब्यातून उतरायला उशीर झाला. खिडकीपाशी आलो तर तू न्हाईसच. एक तेलगू बाई तेवढी धाय मोकलून रडायली. ती पाण्याची बाटली भरायला गेलती, तेवढ्यात कोणीतरी मिशाळ माणूस हार घालून तिचा नवराच घेऊन पळाला म्हणे!"

मांडवातले समदे माझ्या मिशीकडं बघायले.

मी माईक खाली ठेवला. मग विचारलं, "भगवान, तेलगूत ना भार्य म्हणजे काय रे?"

"ना म्हणजे माझी. माझी बायको. कावून, काय झालं?"

दत्ता खुर्चीवर बसला. मणक्यामुळं ज्याला हसायची डॉक्टरनं मनाई केलीय, तो मुकादम मांडवाचा खांब धरून हसायला. मास्तर डोळे पुसायलेच होते, पण आता वेगळ्या कारणानं. आणि भगवाननं पलीकडून फोन त्या बाईच्या हातात दिला. पाहुण्यानं बायकोचा आवाज ऐकला मात्र, फोनला दोन्ही हातांनी कवटाळून मटकन खालीच बसला.

माझा संताप मात्र कोणाला दिसला न्हाई. तो माणूस एकदा तरी सरळ म्हणाला का, की मी भगवान न्हाई म्हणून? तेलगूत म्हणाला असेल! पण ते काय म्हणणं झालं? आणि ह्या भारतवर्षात पांढरा शर्ट आणि तपकिरी बॅग घेऊन चौकशीच्या खिडकीपाशी उभं राहायला दुसरा मुहूर्त नव्हता त्याला?

परत परळीला निघालो. ह्या वेळी दत्ता जीप चालवायला. मला त्यानं मागं बसवलं.

टेसनावर पोचलो तर रेल्वे पोलिसांच्या चौकीपुढं ती बाई. नवऱ्याला बघून आधी रडली, मग त्याच्या गळ्यातला हार बघून थबकली, आणि मग माझ्याकडं वळली. पुढं ती जे बोलली ते सगळं तेलगूत होतं. मला एक अक्षर कळलं न्हाई, आणि सगळं कळलं.

खरा भगवान बाकावरून उठला. केस काळेभोर रंगवलेले, दात नवे. मला वरखाली बघून म्हणतो कसा, "ह्यो किसन? ह्यो तर पार म्हातारा झालाय बे!" हे माझं स्वागत!

हवालदारानं मला आत घेतलं. "तुम्ही ह्यांना पळवून नेलं?"

"पळवून?" मी उसळलोच. "साहेब, हार घालून नेलंय! धपाटे चारलेत! दह्यासंगट!"

हवालदार पाहुण्याकडं वळले. भगवाननं त्याला तेलगूत समजावलं. मला वाटलं, संपलं. म्हातारपणी आत बसावं लागतंय. पाहुण्यानं माझ्याकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. आणि खरं सांगतो, त्या माणसानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भगवानला इचारून इचारून मोडक्या हिंदीत म्हणाला, "साब, केस नक्को. ये मेरा दोस्त."

माझे डोळे भरून आले. छाती अशी फुगली! म्हणलं, "ऐकलं का साहेब? दोस्त! आता आहे का काही म्हणणं?"

"न्हाई," हवालदार म्हणाले. त्यांनी पेन काढलं आणि कागद पुढं ओढला. "दोस्तच हायत म्हणल्यावर मिटलंच. फक्त तुमच्या ह्या दोस्ताचं नाव सांगा."

त्या माणसाला मी हार घातला, मिठी मारली, त्याच्यासाठी रडलो, त्याच्या जित्या बायकोला श्रद्धांजली वाहिली. पण नाव? नाव विचारायचं राहूनच गेलतं!