व्यंकटरावांची उचल

हिंगोलीच्या हळदीच्या कारखान्यात भीमराजनं उमेदीची सगळी वर्षं पॉलिशच्या ड्रमापुढं घालवली. हळकुंडं चकाचक झाली, भीमराजचे तळहात मात्र कायमचे पिवळे. पगारातून कामगार विम्याचे आणि पीएफचे पैसे कापले जायचे, त्याचा त्याला कोण अभिमान! कापले म्हणजे भरले, असंच तो समजून चालला होता. आखाडा बाळापूरच्या पाहुण्यांना सांगायचा, "आमचं सगळं सरकारात बराबर जमा होऊन राहिलं."

मग बायकोच्या, जनकाबाईच्या पोटात गाठ निघाली. नांदेडच्या दवाखान्यात खिडकीवरच्या बाईनं विम्याचं कार्ड परत सरकवलं. मालकानं दीड वर्षात सरकारला छदामही भरला नव्हता. कार्ड बंद. ऑपरेशन सोमवारी, आणि पैसे रोख.

मालक व्यंकटराव यांना सगळे देवमाणूस म्हणायचे. का, तर शनिवारी कुणीही हात पसरावा, ते उचल द्यायचे. पुढच्या पगारातून वळती करून घ्यायचे. कामगारांचे कापलेले पैसे दाबून भाव चढेपर्यंत स्वतःच्या गोदामात हळद भरून ठेवायची, आणि त्यातलेच चार पैसे उपकार म्हणून त्यांच्यापुढं टाकायचे. असल्या देवमाणसाच्या तोंडाला काळं फासायला हवं होतं.

शनिवारी भीमराज रांगेत उभा राहिला.

"मालक, आमचे कापलेले पैसे भरले काहून न्हाई?"

"अरे बापा, बाजार पडला यंदा. भरू की, सरकार कुठं पळून चाललं?" व्यंकटराव हसले. "तुला किती पाहिजे ते बोल. बायको महत्त्वाची."

भीमराजनं ऑपरेशनचा आकडा सांगितला, व्यंकटरावांनी नोटा मोजून त्याच्या हातात ठेवल्या. नोटा तोंडावर फेकून चालतं व्हावं, असं त्याला फार वाटलं. पण घरी जनकाबाई पोट धरून बसली होती. त्यानं नोटा खिशात घातल्या, उचलीचं रजिस्टर ओढलं, सही केली आणि पुढं ठळक अक्षरांत लिहिलं, 'उचल नाही. माझेच पैसे परत घेतले.'

व्यंकटरावांचं हसू मावळलं. "हे खोड आधी."

"खरं हाय ते. न्हाई खोडत."

"मग उद्यापासून कामावर येऊ नको."

मागं संतराम उभा होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. "भीमराजदादा, काय लिहिलं?"

भीमराजनं मोठ्यानं वाचून दाखवलं. संतरामनं शाईत बुडवलेला अंगठा कागदावर टेकवायच्या आधी थांबवला.

"माझ्याबी नावापुढं तेच लिही," तो म्हणाला.