निसटलं सर

सर दिसले की आम्ही विद्यार्थी आधी वह्या चाचपायचो. "काय सापडलं?" असं त्यांनी कधी विचारलं नाही. पहिला प्रश्न एकच, "निसटलं किती?" म्हणून त्यांचं नावच निसटलं सर पडलं.

नांदेडच्या विभागात ते माझे मार्गदर्शक होते, मूळचे जळकोटचे. परदेशातल्या अवाढव्य यंत्रात प्रोटॉनवर प्रोटॉन आदळतात, त्यात क्षणभर जड क्वार्क नावाचे कण तयार होतात. ते किती झाले, हे मागे उरलेल्या कणांवरून आम्ही इथे संगणकावर मोजायचो. पण त्यातले बहुतेक यंत्राला दिसतच नाहीत. न दिसलेले मोजायचे कसे, हे माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा सरांनी घरची पायलीभर तूर आणली, शंभर दाणे रंगवून तिच्यात मिसळले आणि मला निवडायला बसवलं. अर्ध्या तासात एकोणीस सापडले.

"आता कळलं? एकोणीस दिसले म्हंजी शंभर हायेत. हाच हिशेब लाव, पन एकदाच."

मी त्यातली एक दुरुस्ती, म्हणजे निसटलेल्यांसाठी आकडा वाढवणारा गुणाकार, दोनदा लावली. एकदा प्रोग्रॅममध्ये आणि पुन्हा शेवटच्या तक्त्यात. ते सरांना दिसलं तेव्हा निकाल बाहेरच्या सहकाऱ्यांकडे पोचला होता, सरांच्या निवृत्तीला पंधरा दिवस होते आणि प्रबंधासाठीची माझी शेवटची मुदतवाढ त्याच महिन्यात संपत होती.

"सर, राहू द्या ना," मी रडत म्हणाले. "आधी प्रबंध जाऊ द्या, मग दुरुस्त करू. नाहीतर मी संपले. किनवटला घरी काय तोंड घेऊन जाऊ?"

त्यांनी मान वर केली नाही. "पोरी, मूठभर तर दिसायलेत आपल्याला. तेबी खोटे लिवले तर हातात राहिलं काय?"

मग एका बोटाने टाईप करत त्यांनी मेल लिहिला: निकाल मागे घेत आहोत, चूक माझी. मी शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही.

मार्गदर्शकाची चूक म्हणून मला वर्षभराची मुदत मिळाली. सर मान खाली घालून जळकोटला गेले. निरोपाच्या भाषणात त्यांच्या कामाचा कुणी उल्लेखही केला नाही.

वर्षभरात मी हिशेब पुन्हा केला, निकाल नीट आला. चूक कुणाची होती ते प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलं आणि छापील प्रबंध घेऊन मी जळकोटची बस पकडली. घरात सरांच्या फोटोला हार होता. नऊ दिवसांपूर्वी झटका आला होता.

सरांच्या पत्नीने, काकूंनी, पाणी दिलं. मी हुंदके देत सांगून टाकलं, की चूक माझी होती.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी बोलले मला. म्हनले, पोरीची मुदत सरायली, माझी तर सरलीच हाय. वाट बघायचे तुमच्या फोनची."

नंबर माझ्याकडे वर्षभर होता.