वर म्हणजे चालू

जर्मनीत इंगोलश्टाटजवळ एका शेतकऱ्याच्या कोठारात आमचे शेजारी आणि मी दोन माणसांचं विमान बांधतोय. शेजारी गणिताचे निवृत्त शिक्षक, म्हणून मी त्यांना सर म्हणते. माझं पोट गाड्यांच्या वायरिंगवर चालतं, त्यामुळे पॅनलवरच्या बटणांची आखणी माझ्या गळ्यात पडली. मी पुठ्ठ्यावर खरी बटणं बसवून नेली. मुख्य वीज, पेट्रोलचा पंप, दिवे, रेडिओ. सगळी खाली केली की चालू.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "तुमच्याकडे विमानं उलटी उडतात का?"

विमानात बटण वर म्हणजे चालू, हे मी वाचलेलं होतं. पण पुठ्ठा कापताना हात कोल्हापूरच्या घरातलाच होता. तिथे दिवा लावायचा तर बटण खाली. मी बटणं फिरवून बसवली. हात काही फिरला नाही. डोळे मिटायला सांगून सर म्हणत, "पंप चालू," आणि बोट खाली जाई.

"हवेत इंजिन खोकायला लागलं तर डोकं नाही, हातच धावतो," सर म्हणाले. "हात सुधारेपर्यंत तू उजवीकडे बसायचं."

उजवीकडे म्हणजे प्रवासी. मला फार लागलं ते.

पुठ्ठा स्वयंपाकघरात टांगला. नवरा भाजी चिरता चिरता मध्येच "पंप!" म्हणायचा. घरात जेवायला बोलावण्याची तीच पद्धत झाली. शेवटी एकदा सरांसमोर हात एकदाही चुकला नाही. सर "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाले आणि स्क्रू शोधायला लागले. मला रडू येत होतं, पण स्क्रू मलाही शोधावा लागला.

आई फोनवर दर वेळी विचारायची, "झालं का गं ते विमान?" मी "अजून नाही" म्हटलं की तिचा आवाज मोकळा व्हायचा.

उन्हाळ्यात कोल्हापूरला गेले. घामाघूम होऊन आत आले, पंख्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म. पुन्हा दाबलं.

"लाइट गेलेत वाटतं," मी म्हटलं.

"लाइट आहेत," आई म्हणाली. "तू बटण वर दाबतेयस."

"विमानात तसंच असतं."

आई माझ्या हाताकडे बघत राहिली. मग उठली, बटण खाली करून पंखा लावला आणि त्याच्याखाली बसली.

"म्हणजे चालवणारच तू," ती म्हणाली.