गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीतले इटालियन

उकळत्या पातेल्यातून ते चिमट्याने एकच लांब शेवई उचलायचे, फुंकर मारून गिऱ्हाइकापुढे धरायचे आणि म्हणायचे, "दाताला इचारा. शिजली का न्हाई ते घड्याळ सांगत नसतं, दात सांगतो."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा दाताला विचारलं आणि सांगून टाकलं, "कच्ची आहे." त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "जराशी कच्ची ऱ्हायलाच पायजे म्याडम. येवढंच शिकायला धा वर्सं गेली माझी."

ती दहा वर्षं गोव्यात गेली होती, एका म्हाताऱ्या इटालियन बाईच्या स्वयंपाकघरात. मग त्यांनी नांदेडला गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत सहा टेबलांचं हॉटेल टाकलं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी निळ्या समुद्राचं कॅलेंडर. दर्शनाला पंजाबातून, दिल्लीतून, थेट कॅनडातून माणसं येत. त्यांतली बरीच इथे पास्ता मिळतो हे पाहून आधी हसत आणि मग बसत. आम्ही रेल्वे ऑफिसातल्या बायका महिन्यातून दोनदा तरी जायचो. आमच्यात त्यांचं नाव 'आमचे इटालियन' असंच पडलं होतं. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, जो भलतीच विद्या शिकून येतो आणि ती कुणाला दाखवावी या विवंचनेत असतो.

यांना ती एकाच माणसाला दाखवायची होती, बायकोला. ती मुखेडच्या पुढे, लातूरच्या शिवेवरच्या गावात राहायची. दहा वर्षं घर तिनेच ओढलं होतं. "तिला वाटतं, म्या तिकडं नुसता समुद्र बघत बसलो," ते म्हणायचे. "एकदा येऊन खाऊ द्या, मग समजल तिला, कुठं गेली ती वर्सं."

पण ती काही येईना. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते वर्ष. तिच्या गावाला दोन दिवसांआड टँकर. त्यात गाव कोणत्या नव्या जिल्ह्यात जाणार याची चर्चा पारावर जोरात. "जिल्हा कोन्चाबी करा," हे म्हणायचे, "टँकर आला की माझी बायको रांगंत हाय, येवढं खरं."

एप्रिलमध्ये ती आली. मी दुपारच्या सुट्टीत जेवायला गेले होते, तर ती कोपऱ्यातल्या टेबलाशी पदर सावरून अवघडून बसलेली. पहाटे मिळालेल्या दोन घागरी झाकून, शेजारणीला सांगून, मुखेडहून एसटीने आली होती. आमचे इटालियन इस्त्रीचा शर्ट घालून लगबग करत होते. एरवी एकाच पाण्यात ते सगळी दुपार काढायचे. पण त्या दिवशी बायकोसाठी म्हणून त्यांनी पातेलंभर ताजं पाणी चढवलं.

"ये, बघ तर," त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं. शेवया शिजल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि मोरीत चाळणीवर ओतलं. वाफेचा लोट उठला, पाणी भसाभसा गटारात गेलं.

"येवढं समदं टाकलं?" ती म्हणाली.

"अगं, तसंच असतं ते. मीठ असतंय त्यात."

"मग आमी काय गोडं पानी पितो व्हय? टँकरचं बी मचूळच असतंय."

ती परत येऊन बसली. त्यांनी टोमॅटोची चटणी परतली, ताट सजवलं, तिच्यापुढे ठेवलं आणि समोर उभे राहिले. तिने ताटाला हात लावला नाही. "भूक न्हाई मला," एवढंच बोलून ती तीनच्या गाडीला निघून गेली. मला त्या क्षणी तिचाही राग आला आणि त्यांचाही. ताट तसंच गार होत राहिलं.

त्यानंतर ते कमी पाण्यात शिजवू लागले. सगळा गोळा व्हायचा. मी खाऊन "छान झालंय" म्हटलं, तर म्हणाले, "खोटं बोलायल्या म्याडम." मग हळूच सांगितलं, "पातेलं मोरीत वाकडं करवतच न्हाई आता." पाऊस पडायच्या आतच त्यांनी हॉटेल बंद केलं आणि गावी गेले.

दीड वर्षाने त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. आमचे इटालियन हृदयाच्या झटक्याने गेले होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मुखेडमार्गे त्यांच्या गावी गेले. बुद्धवंदना झाली, माणसं जेवायला बसली, तेव्हा त्यांची बायको माझ्याजवळ येऊन टेकली. तिने मला ओळखलं होतं.

"गावाकडं आल्यावर रोज पानी त्येच आणायचे ताई. मला घागर उचलू देत नव्हते. त्या दिवसाचं कधी बोलले न्हाईत."

"तुम्ही बोललात का?"

तिने नकारार्थी मान हलवली. हातातल्या पदराची घडी घातली.

"पानी तर सांडलंच होतं ताई," ती म्हणाली. "म्या जेवायला पायजे होतं."