मानाच्या भिंतीवरचे खुशालराव

नवाथे चौक आला तरी खुशालराव मुद्द्यावर येईनात. दर मंगळवारी बडनेऱ्याहून अमरावतीच्या अंबादेवीला पायी जायचा दामिनीचा नेम. आज शेजारचे खुशालराव "मी बी येतो" म्हणून सोबत निघाले आणि अर्ध्या वाटेपर्यंत नुसते गुडघ्यांबद्दल बोलत राहिले.

शेवटी तिनंच विचारलं, "काकूंचा फोन आला का, काका?"

"हिवरखेडले भावाकडे जाऊन बसली ना. फोटो उतरवा, मंगच येईन म्हणते."

फोटोचं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. अमरावतीतल्या ज्या इंग्रजांच्या काळातल्या शाळेत खुशालराव शिकले, तिथं नामवंत माजी विद्यार्थ्यांची एक भिंत आहे. न्यायाधीश, डॉक्टर, कमिशनर. खुशालराव दहावीला दोनदा बसले, पुढं लाइनमन झाले. पण सुटीच्या दिवशी धामणगावपासून अकोल्यापर्यंत क्रिकेटचे पंच म्हणून उन्हात उभे राहिले. त्यांनी बोट वर केलं की कोणी हुज्जत घालत नसे. जुन्या खेळाडूंनी आग्रह धरून यंदा त्यांचा फोटो लावला.

घोटाळा एवढाच, की त्या भिंतीवर आजवर जिवंत माणूस कोणी नव्हता. स्थापनादिनी दरसालप्रमाणे सगळ्या फोटोंना हार पडले, तसा ह्यांनाही पडला. ते चित्र मोबाइलवरून फिरलं. दुसऱ्या सकाळी अकोल्याचे व्याही महादेवराव पांढरा सदरा घालून, डोळे पुसत दारात. दार उघडलं ते खुशालरावांनीच.

"काय म्हणाले हो व्याही?"

"म्हणे, आलोच आहो त चहा ठेवा." खुशालराव हसले. "जनमभर लोकांले आउट देल्लं, बाप्पा. मले कोनं देल्लं, समजूनच नाही राहिलं."

मनकर्णाकाकू मात्र हसल्या नव्हत्या. कपाळाला कुंकू लावून नवऱ्याच्या फोटोवरचा हार बघायचा? शाळेनं हार काढला. तरी गेलेल्यांच्या रांगेतून माझा माणूस बाहेर काढा, हे त्यांचं म्हणणं कायम. दामिनीला ते पटत होतं. काकांचा मानही पटत होता. देवीसमोर कोणाच्या बाजूनं हात जोडावेत, हेच तिला कळेना.

"दुसरीकडे कुठं लावतील का?"

"इचारलं ना. मानाची भिंत एकच हाय म्हणे. उतरवला त पुन्हा चढणार नाही." त्यांनी स्वतःच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं. "मले शाळेत टाकाले बाबा आला, तवा त्यानं फाटकाबाहेरच चपला काढल्या होत्या. देऊळ समजून."

"मग राहू द्या फोटो. येतील काकू हळूहळू."

"अन् नाही आली त?"

"मग उतरवा."

"काहून उतरवू?" ते तिच्यावरच डाफरले. मग ओशाळून राजापेठेतल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकले. दामिनीही शेजारी बसली.

"रोज सकाळी दोन कप चहा टाकतो," ते म्हणाले. "एक थंडा होते. फेकून देतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनच टाकतो."

दामिनीनं पाण्याची बाटली त्यांच्यापुढं धरली.

"पोरी, दर्शन झालं की तू शाळेत जा. फोटो तूच उतरव अन् हिवरखेडले तिच्या हातात नेऊन दे. माह्या हातानं नाही होत. अन् उतरवला, हे मले सांगू नको."