तीन संघटना, एक अर्ज

मोठ्या सिस्टर एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात होत्या. त्यांच्या वॉर्डात एका परिचारिकेच्या वाट्याला चाळीस रुग्ण यायचे. नवी पदं मिळावीत म्हणून परिचारिकांच्या तीन संघटना दरवर्षी सरकारकडे वेगवेगळे अर्ज द्यायच्या आणि आरोग्य सचिव दरवर्षी तेच ऐकवायचे, "आधी तुमच्यात एकमत होऊ द्या."

यातल्या एका संघटनेच्या अध्यक्ष सिस्टरच होत्या. यंदा त्यांनी ते मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी त्या बाकीच्या दोन अध्यक्षांच्या घरी खेटे घालू लागल्या. अर्जावर पहिलं नाव कुणाचं, यावरच दोन महिने गेले. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "माझं नाव सगळ्यात खाली घाला. मला आता भांडायचं त्राण नाही." दोघी वरमल्या आणि सह्या झाल्या.

सचिवांनी तो अर्ज दोनदा वाचला. या वेळी त्यांना बोलायला जागा नव्हती. मागितलेल्या सहाशे पदांपैकी दोनशेंसाठी अंदाजपत्रकात तरतूद झाली.

"एवढ्यासाठी एवढी पायपीट?" मुलीनं विचारलं. "तू तर पुढच्या महिन्यात निवृत्त होतेस."

सिस्टर खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. "माझ्या वॉर्डात दोघी जरी आल्या ना, तरी दुपारी कुणाला तरी बसून जेवता येईल," त्या म्हणाल्या. "सोमवारी लवकर उठव मला. उरलेल्या चारशेंसाठी तिघींची बैठक आहे."