यादीतला सातवा नंबर

त्या वर्षी वसतिगृहात पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा आणि मुली मात्र वाढतच होत्या. शहर पसरत होतं, कॉलेजात नवे कोर्स निघत होते आणि संस्थेने दोन खाटांच्या खोल्यांत तिसरी खाट घातली होती. मी रेक्टर होते. जमवून घेणं हे माझं काम. वहीत मी सगळ्याच्या याद्या केल्या होत्या: आंघोळीच्या वेळा, बादल्यांचे नंबर, कपडे धुण्याचे वार. ग्लास विसळण्यात पाणी जातं म्हणून प्रत्येक मजल्यावरच्या पिंपाला साखळीने एकच ग्लास बांधला आणि वर पाटी लावली, ‘तोंड न लावता प्या.’ तासाच्या घाईत वरून कोण पितं? सगळ्या तोंड लावूनच प्यायच्या. मला ते माहीत होतं.

फेब्रुवारीत पहिल्या मजल्यावरची एक मुलगी तापाने फणफणली. तिची मान वळेना. मेंदूज्वर निघाला, आणि तोही एकमेकींच्या थुंकीतून पसरणारा. दोन दिवसांत ती गेली. ग्लास मी माझ्या हातांनी काढले. पालिकेचे डॉक्टर आले, तिच्या खोलीतल्या मुलींना गोळ्या दिल्या आणि बाकीच्यांना लस टोचून घ्या म्हणाले. ही लस सरकारी नव्हती, विकत आणायची होती. एका मुलीचा खर्च मेसच्या महिनाभराच्या बिलाएवढा.

मी संस्थेच्या सचिवांकडे गेले.

“मॅडम, यंदाचा सगळा पैसा टँकरवाल्याने नेला,” ते म्हणाले. “ज्यांना पाहिजे त्या भरतील. तुम्ही यादी करा. याद्यांत तुमचा हात कोण धरणार?”

मी यादी केली. आठवड्याभरात चौसष्ट मुलींनी पैसे भरले, काही घरी निघून गेल्या. राहिलेल्यांना मी एकेक करून ऑफिसात बोलावलं. त्यात फुलंब्रीजवळच्या खेड्यातली, पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी होती. तिची आई गावच्या अंगणवाडीत मदतनीस. पोलिओच्या दिवशी घरोघर फिरून पोरं गोळा करून आणायची ती.

मुलगी हसत म्हणाली, “मॅडम, आई म्हणती, लस कुठं विकत असती व्हय? सरकारी सिस्टर पेटी घेऊन येतील तवा टोचून घे म्हणती. तुमच्या हॉस्टेलवाल्यांनी धंदा मांडलाय म्हणती.”

“आईला सांग, ही ती लस नाही.”

“सांगितलं की. कॉलेजात जाऊन लई शहाणी झालीस म्हणली.”

त्याच क्षणी फोन उचलून मी आईशी बोलायला हवं होतं. पण बाहेर अजून अकरा मुली थांबल्या होत्या. तिच्या नावापुढे ‘नकार’ लिहिलं आणि पुढचीला हाक मारली.

क्रांती चौकातल्या औषधांच्या दुकानातून बर्फाच्या डब्यात कुप्या आल्या. एका कुपीत दहा डोस, आणि कुपी एकदा फोडली की त्याच दिवशी संपवायची. चौसष्ट मुलींना सात कुप्या, म्हणजे सहा डोस उरणार होते. हे उरलेले डोस पैसे न भरलेल्यांना द्यायचं ठरलं. कुणाला, ते माझ्यावर सोपवलं. टोचायच्या आदल्या दिवशी मी वहीत दुसरी यादी केली, प्रत्येक नावापुढे कारण लिहून. आधी स्वयंपाकाच्या दोन मावश्या, कारण सगळ्यांची ताटं त्यांच्या हातून जातात. मग गेलेल्या मुलीच्या शेजारच्या खोलीतल्या तिघी. सहावी मी. कारण: रोज सगळ्यांशी संपर्क, आजारी पडल्यास वसतिगृह बंद. सातवी फुलंब्रीकडची मुलगी. मजला तोच, पण खोली जिन्यापलीकडे.

“अशी यादी असली की आमचं निम्मं काम होतं,” टोचायला आलेली नर्स म्हणाली. सत्तराव्या डोसाला मी बाही वर केली.

आणखी एक कुपी माझ्या पगारातून आणता आली असती. हे मला तेव्हा सुचलंच नाही, कारण यादीत तसा रकाना नव्हता.

टोचणीनंतर एकविसाव्या दिवशी सातव्या नंबरच्या मुलीला ताप आला. मीच तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. ती वाचली. दोन्ही कान गेले. लस दिली असती तर तोवर लागू पडली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. दहा-बारा दिवस पुरतात, ते म्हणाले.

वॉर्डाबाहेर तिची आई फरशीवर बसली होती. “मी गावातलं एक लेकरू सोडलं नाय हो, बाई,” ती म्हणाली. “रडत्याला बखोटीला मारून नेलं. सारं फुकट असायचं. माझ्याच लेकीला पैसे पडतील, हे कुणी सांगावं?”

ते सांगणं माझंच काम होतं.

जूनमध्ये दोघी डिपॉझिट परत घ्यायला आल्या. मुलीला बोललेलं कळेना, म्हणून मी वही तिच्याकडे फिरवली आणि लिहून विचारलं, ‘पुढे काय करणार?’ ती पानं मागे उलटत गेली. माझं अक्षर सुवाच्य आहे.

“मॅडम, माझा सातवा होता?” आपला आवाज किती मोठा निघतो हे आता तिला कळत नव्हतं. प्रवेशाच्या रांगेतल्या नव्या मुली वळून बघायला लागल्या.

मी मान डोलावली.

“आणि सहावा तुमचा.”

पुन्हा मान डोलावली.

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कसला नंबर हो, बाई?”

मी वही मिटली, पावती पुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.